दोन खोकी, एक भोंगा

देवळाली कॅम्पाहून नाशिक रोडला निघालेल्या बसमध्ये मल्हारी खिडकीपाशी बसला होता आणि आजारी लेकराला धरावे तसे त्याने मांडीवरचे गाठोडे दोन्ही हातांनी धरले होते. रस्त्यात खड्डा आला की तो आधी गाठोडे उचलून धरी आणि मग स्वतः आपटे.

"बाबा, काय हाय त्यात? अर्धं तिकीट काढू का?" कंडक्टरने विचारले.

"माणूस नाय, यंत्र हाय."

"धरलंय तर नातवागत!"

आजूबाजूची माणसे हसली. मल्हारीही हसला, परंतु ते हसू ओठांच्या अलीकडेच राहिले. त्याला नातू नव्हता, कारण मूलच नव्हते. आणि ज्या गोधडीत ते यंत्र गुंडाळले होते ती शिवणाऱ्या सगुणाबाईला जाऊन सहा वर्षे लोटली होती. गोधडीत तिच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे होते. कोणता तुकडा कोणत्या वर्षीचा, हे सांगू शकणारा आता जगात तो एकटाच होता, आणि विचारणारे कोणी नव्हते.

ते यंत्र तबकडी फिरवण्याचे होते. तो छावणीत वायरमनची नोकरी करीत असताना, १९६० साली, साहेब लोकांच्या मेसमधल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. तेव्हा खुर्च्या, आरसे आणि हरणांची शिंगे सोडून मल्हारीने हे विलायती बनावटीचे धूड उचलले होते. त्याची थाळी जात्याच्या वरच्या दगडासारखी जड होती आणि एकदा फिरू लागली की वीज बंद केल्यावरही बराच वेळ थांबत नसे. परंतु विधात्याने त्याला जीभ दिली नव्हती. सुईने उचललेला बारीकसा आवाज मोठा करायला अँप्लिफायर लागतो आणि तो बाहेर काढायला स्पीकर लागतो. ही दोन्ही साधने आज घेऊ, उद्या घेऊ, सगुणाचे दुखणे आटोपले की घेऊ, असे करीत चोवीस वर्षे गेली. दर रविवारी मल्हारी यंत्रात दोन थेंब तेल सोडी, थाळी पुसे आणि फिरवून पाही. चोवीस वर्षे ती थाळी त्याच्यासमोर मुकाट्याने फिरत आली होती.

आणि जी तबकडी तिच्यावर ठेवायची, ती त्याच्या घरात नव्हतीच. ती थोरल्या भावाच्या घरी, वहिनीच्या पत्र्याच्या पेटीत होती. कुटुंबाची वाटणी झाली तेव्हा ना जमीन होती ना सोने. पण यंत्र एका घरात आणि तबकडी दुसऱ्या घरात, ही वाटणी मात्र आपोआप झाली.

थोरला भाऊ म्हणजे धोंडीराम. शाहीर धोंडीराम. ज्याचा जलसा इगतपुरीपासून मनमाडपर्यंत गाजला आणि ज्याला जाऊन येत्या पंधरवड्यात दहा वर्षे पुरी होणार होती. त्या स्मृतिदिनाला त्याची एकुलती एक तबकडी लोकांना ऐकवायची, असे घरच्यांनी ठरवले होते. त्याकरिताच आज, रविवारी सकाळी, सर्वांनी जमायचे होते: कोणता अँप्लिफायर घ्यायचा आणि कोणते स्पीकर.

मल्हारीचे मन मात्र स्मृतिदिनात नव्हते. ते दुसऱ्याच एका गोष्टीत गुंतले होते आणि ती गोष्ट त्याने सगुणाबाईखेरीज कोणाजवळ बोललेली नव्हती.

*

प्रेस कॉलनीतल्या निवृत्तीच्या घरासमोर हातगाडी उभी होती. गाडीवरून देवराम मिस्त्री सामान उतरवीत होता. देवरामचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान स्टेशनच्या बाजूला होते. जयंतीच्या मिरवणुकीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळा आवाज त्याच्याच हातचा.

"जय भीम, मल्हारीबाबा! आणलं का बाळ?"

"जय भीम. आणलं. जपून धर, देवराम. थाळी खाली सरकती."

धोंडीरामचा मुलगा निवृत्ती बाहेर आला. छत्तीस वर्षांचा, प्रेसमध्ये कामाला, अंगावर नुकताच इस्त्री केलेला सदरा. स्मृतिदिन समितीचा तो अध्यक्ष होता आणि ते पद त्याने घरातही उतरवलेले नव्हते.

"तात्या, उशीर केला. दाजी आन् शकू सिन्नरवरनं येऊन बसलेत, तुम्ही कॅम्पातनं यायला अकरा!"

"पहिली बस भरलेली होती रे. यंत्राला धक्का लागला असता."

आत शकूने उठून पाणी दिले. ही धोंडीरामची मुलगी. लहानपणी हिला खांद्यावर बसवून मल्हारीने अख्खा कॅम्प दाखवला होता. तिचा नवरा भिमाजी सिन्नरच्या कारखान्यात फिटर होता आणि कोणत्याही विषयात मत द्यायला त्याला विषयाची ओळख लागत नसे. कोपऱ्यात वहिनी, विमलाबाई, सूप घेऊन तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वैनी, बरं हाय का?"

"हाय की. तुमचं?"

"चाललंय."

त्या दोघांचे संभाषण दहा वर्षांत याहून लांब गेले नव्हते.

देवरामने खोलीच्या मधोमध दोन निरनिराळे संसार मांडले. एका बाजूला लोखंडी पेटीसारखा अँप्लिफायर आणि कर्ण्याच्या तोंडाचा मोठा भोंगा. दुसऱ्या बाजूला लाकडी आवरणाचा, आत काचेचे वाल्व असलेला अँप्लिफायर आणि सागवानी फळ्यांची दोन खोकी, ज्यांच्या तोंडाला तपकिरी कापड ताणले होते.

"हा साठ वॅटचा," भोंग्यावर टिचकी मारीत देवराम म्हणाला, "आन् ही खोकी दहा दहाची. खोकी माझ्या हातची. आतनं कापूस भरलाय."

"साठ कुठं आन् दहा कुठं!" भिमाजी म्हणाला. "ह्यात इचार काय करायचा? मी तर म्हणतो ही झंझटच नको. टू-इन-वन घ्या, कॅसेट भरा. आमच्या सुपरवायझरकडं हाय."

"पाव्हणं, कॅसेट भरायला बी आधी तबकडी वाजावी लागती," देवरामने सांगितले.

"मग साठवालाच घ्या."

"माझंही तेच म्हणणं," निवृत्ती म्हणाला. "दादांचा आवाज रेल्वे गेटापर्यंत गेला पाहिजे. माणसं येणारेत लांबलांबून. त्या खोक्यांचा आवाज ह्या भिंतीतून बाहेर पडायचा नाही."

मल्हारी गोधडीची घडी घालीत होता. घडी नीट झाल्यावर तो म्हणाला, "खोकी घ्यावीत असं मला वाटतं."

"का पण?"

"भोंग्यात पुढचं तेवढंच ऐकू येतं. मागचं मरतं."

"मागचं म्हणजे?"

"झील."

जलशात शाहीर पुढे उभा राहतो आणि त्याच्या मागे दोघे तिघे ध्रुवपद उचलून धरतात, त्याला झील म्हणतात. १९५१ साली मुंबईच्या एका लहानशा कंपनीने, जी पुढे लवकरच बुडाली, धोंडीरामचे गाणे तबकडीवर घेतले. तेव्हा मागे तिघे उभे होते. बारकू, कोंडाजी आणि चोवीस वर्षांचा मल्हारी. बारकू आणि कोंडाजी केव्हाच गेले. तबकडीच्या लाल कागदावर मात्र एवढेच छापले होते: "शाहीर धोंडीराम नाशिककर आणि पार्टी." घरातल्या चावीच्या जुन्या फोनोवर ती वाजे तेव्हा धोंडीरामचा पहाडी आवाज तेवढा येई आणि मागे तेलात काही तळावे तशी खरखर. लहानपणी निवृत्ती आणि शकू विचारीत, "तात्या, तुम्ही कुठं आहात ह्याच्यात?" आणि मल्हारी म्हणे, "मागं हाय. नीट ऐका." मुले कान लावीत आणि मग खो खो हसत. त्यावरून त्याला 'आणिपार्टी तात्या' हे नाव पडले आणि कित्येक वर्षे टिकले. पुढे फोनोची कमान तुटली आणि चेष्टाही थांबली. थांबलेली चेष्टा मल्हारीला चेष्टेपेक्षा जड गेली.

सगुणाबाईशी त्याचे लग्न होईतो जलसा मोडला होता. तिने त्याला गाताना ऐकलेच नाही. "एकदा ऐकवा की तुमचा आवाज," असे ती दुखण्यातही म्हणे. "आता गळा राहिला नाय," असे म्हणून तो टाळी, "तबकडीत हाय. यंत्राला जीभ फुटली की ऐकवीन." ती ऐकायची राहिली. आता निदान आपण तरी ऐकावे, आपण तेथे होतो याची एकदा खात्री पटावी, इतकीच त्याची इच्छा होती. आणि ती इच्छा साठ आणि दहा वॅटच्या मध्ये येऊन अडकली होती.

"तात्यांचं आपलं अजून पार्टीतच चाललंय!" निवृत्ती हसत म्हणाला. त्यात द्वेष नव्हता. म्हणूनच ते लागले.

"पार्टी म्हंजी?" भिमाजीने विचारले. त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती; आणि मल्हारीला ऐकणारा मिळाल्याला कितीतरी दिवस झाले होते. तो सावरून बसला.

"पाव्हणं, त्या दिवशी मुंबईला आम्ही एका गादी लावलेल्या खोलीत उभे होतो. मधी एकच मायक्रोफोन. माझे पाय लटलटा कापत होते. दादानं वळून बघितलं आन् माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा. मग गाणं सुरू झालं. तो हात मला अजून कळतो."

"वा!" भिमाजी म्हणाला. "भाऊ असावा तर असा."

कोपऱ्यात विमलाबाईंचे सूप क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"आई, तू सांग," निवृत्तीने निवाडा मागितला. "भोंगा का खोकी?"

"मला कशाला इचारता? तुम्ही शिकल्याली माणसं. निवृत्ती म्हणतो तसं करा. एकदाचा कार्यक्रम उरका, मग ती तबकडी परत पेटीत ठेवा."

"निवृत्तीदादा, दोन्ही वाजवून तर बघू," शकू म्हणाली. "तात्या एवढं मांडीवर घेऊन आलेत."

त्या सबंध घरात मल्हारीच्या बाजूने पडलेले हे पहिले मत होते. त्याने कृतज्ञतेने तिच्याकडे पाहिले.

*

आधी भोंगा. त्याचे तोंड खिडकीतून गल्लीकडे वळवण्यात आले. विमलाबाईंनी पेटीतून तबकडी काढली. ती जुन्या धोतराच्या फडक्यात होती. मल्हारीने ती कडेने धरून थाळीवर ठेवली आणि वेगाची दांडी अठ्ठ्याहत्तरवर नेली. देवराम सुई टेकवणार तोच तो म्हणाला, "थांब. पिकअपची सुई फिरव. ही बारीक बाजू नव्या तबकड्यांची. ह्या जुन्या खाचेत जाड बाजू लागती."

"बरोबर बोलला बाबा," देवराम जीभ चावून म्हणाला. "नायतर तबकडी सोलली असती."

मग भोंगा गरजला.

*ऊठ गड्या, दार उघड, दिवस उभा दारात!*

गल्लीतली कुत्री उठली. समोरच्या चाळीच्या कठड्यावर बायका आल्या. एक म्हातारा सायकलवरून उतरून टोपी सावरीत उभा राहिला आणि ओरडला, "आरं, धोंडीराम शाहीर!" निवृत्ती दारात उभा होता आणि त्याच्या मुद्रेवर असे तेज आले होते की जणू तोच गात होता. बापाचा आवाज त्याला दहा वर्षांनी परत मिळाला होता आणि तो साऱ्या गल्लीच्या देखत मिळाला होता. मल्हारीलाही भरून आले. परंतु झिलेच्या जागी भोंग्यातून केवळ एक किंकाळी आली, पत्र्यावर खडा ओढावा तशी.

"ठरलं!" गाणे संपताच निवृत्ती म्हणाला.

"ठरलं," भिमाजी म्हणाला.

"खोकी लावा एकदा," मल्हारी म्हणाला.

"तात्या, आता कशाला? तुम्ही ऐकलंत ना?"

"एकदा लावा, निवृत्ती. मी चोवीस वर्षं थांबलो. तू पाच मिनिटं थांब."

त्याचा स्वर थोडा चढला होता. मल्हारीचा स्वर चढलेला त्या घरात कोणी ऐकला नव्हता. देवरामने निमूटपणे तारा बदलल्या. खोली लहान; म्हणून त्याने खोकी समोरच्या दाराच्या दोहो बाजूंना एकेक ठेवली आणि सर्वांना आतल्या भिंतीशी बसवले.

"भोंग्यातनं माणूस गावाशी बोलतो," तो वाल्व तापण्याची वाट पाहत म्हणाला, "आन् खोक्यातनं घराशी. आपली आपली कामं हायेत."

काचेत नारिंगी उजेड आला. देवरामने या खेपेला सुई अगदी बाहेरच्या कडेला, पहिल्या रेघेवर सोडली.

खरखर होती, परंतु ती दूर गेली होती, पावसानंतर पन्हाळीतून पाणी ठिबकावे तशी. तिच्यामागे एका खोलीचा अवकाश ऐकू येऊ लागला. कोणीतरी खाकरले. कोणाचे तरी पाऊल वाजले. आणि मग दाराच्या मधोमध, हात लांब केला तर लागावा इतक्या जवळून, एक माणूस बोलला. गात नव्हता, बोलत होता.

"मल्हारी, मागं सर."

मध्ये एक श्वास.

"अजून."

आणि मग डफावर थाप पडली.

विमलाबाईंच्या हातातले सूप कलंडले. तांदूळ फरशीवर पसरले आणि कोणीही ते गोळा करायला वाकले नाही.

गाणे चालूच होते. शकूने तोंडाला पदर लावला होता. मल्हारी मात्र गाण्यात कान घालून बसला होता, कारण झील येणार होती. ती आली. बारकूचा कोवळा, काठावर चिरकणारा आवाज त्याने तत्काळ ओळखला. कोंडाजीचा रुंद, घोगरा आवाज ओळखला. *उभा दारात, जी जी, उभा दारात.* दोन. त्याने डोळे मिटले. दुसरी झील आली, तिसरी आली. प्रत्येक वेळी तो त्या दोघांच्या मागे, त्या दोघांच्या मधून, अंधारात चाचपडावे तसा स्वतःला शोधीत राहिला. तेथे भिंत होती.

तबकडी संपली. थाळी फिरत राहिली.

"हे बोलले," विमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोणाला तरी सांगत असल्यासारखा नव्हताच. "गाणं न्हवं. बोलले."

"आई..."

"गाणं काय, लोकांपाशीबी हाय. रेडिओवर बी एकदा लागलं हुतं. पण बोलणं कुणी ठेवलं न्हवतं रे. जेवताना बोलायचे, तसं बोलले. मी इसरले हुते, निवृत्ती. खोटं कशाला बोलू? त्यांचं बोलणं कसं हुतं, ते मी पार इसरले हुते." त्या देवरामकडे वळल्या. "मिस्त्री, तेवढंच परत लावता का?"

देवरामने लावले.

"मल्हारी, मागं सर. अजून."

जलशाच्या माणसांना यंत्राची रीत ठाऊक नव्हती. जलशात डफाची पहिली थाप पडेपर्यंत माणूस जे बोलतो ते कोणाचेच नसते. ते वाऱ्यावर जाते. भिंतीवरचा लाल दिवा लागला की त्या क्षणापासून यंत्र ऐकू लागते, हे त्यांना कोणी समजावले नसावे, किंवा समजावले असून ते पोशाखाच्या घाईत राहून गेले असावे. दिवा लागल्यावर धोंडीराम वळला होता आणि बोलला होता; घरच्या फोनोच्या खरखरीत ते शब्द आजवर बुडून राहिले होते. त्याने खांद्यावर हात ठेवला होता, हे खरेच होते. तेहतीस वर्षे मल्हारीच्या खांद्याला तो हात जसाच्या तसा आठवत होता. फक्त तो कोणत्या दिशेने लोटत होता, एवढेच खांदा विसरला होता.

आता सारे काही आठवले. दोन पावले मागे. आणखी दोन. पाठ गादीच्या भिंतीला लागली. तेथूनही तो गायला होता, बेंबीच्या देठापासून गायला होता. यंत्रापर्यंत ते पोचले नव्हते.

"तात्या," शकू हलकेच म्हणाली, "तुमचं नाव आहे त्यात. दादांच्या तोंडून. आख्ख्या तबकडीत दुसऱ्या कुणाचं नाव नाही."

"हां," मल्हारी म्हणाला.

"आवाज मोठा हुता तुमचा, भाऊजी," विमलाबाई एकाएकी म्हणाल्या. त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या. तांदूळ पसरले होते तेथे पाहत होत्या. "हे म्हणायचे मला. मल्ह्या पुढं उभा राहिला तर माझं कोण ऐकंल? हसून म्हणायचे. पण म्हणायचे."

ही गोष्ट त्यांनी तेहतीस वर्षे पोटात ठेवली होती, की आत्ताच देण्यासाठी घडवली होती, हे मल्हारीला कळले नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही. विचारले असते तर दोन्हीपैकी एक हातचे गेले असते.

"असं म्हणायचा व्हय दादा," तो म्हणाला.

*

मग सर्वांचे एकमत इतक्या वेगाने झाले की सकाळी भांडण होते यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

"खोकीच घ्यायची," शकू म्हणाली.

"मी तर आधीपासून म्हणत हुतो, आवाज सुटसुटीत पायजे," भिमाजी म्हणाला.

"कधी म्हणालात, दाजी?" निवृत्तीने विचारले, परंतु त्याचाही अध्यक्षपणा उतरला होता. "देवरामभाऊ, असं करू. भोंगा त्या दिवसापुरता भाड्यानं द्या. खोकी आन् हा अँप्लिफायर इथंच ठेवून जा. आईपाशी."

"आन् यंत्र?" देवरामने विचारले.

ते यंत्र मल्हारीचे होते, हे सर्वांना एकदमच आठवले.

विमलाबाईंनी पदर सारखा केला. "भाऊजी, यंत्र हितंच राहू दे की. तुम्हाला तिथं एकट्याला काय करायचंय? ना तबकडी, ना खोकी. मला सकाळचं तेवढं ऐकाया होईल. गाणं नको. तेवढंच."

दहा वर्षांत वहिनीने त्याच्याजवळ काही मागितले नव्हते. मल्हारीने यंत्राकडे पाहिले. सकाळी एकट्या शकूचा कौल त्याच्या बाजूने होता. आता सारे घर त्याच्या बाजूने होते, त्याने मागितलेली खोकी त्याला मिळाली होती, आणि एकटा माणूस किती एकटा असू शकतो याचा त्याला प्रथमच अंदाज येत होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "दर रविवारी दोन थेंब तेल घालायचं. हितं, ह्या भोकात. जास्त नाय. आन् थाळी ओल्या फडक्यानं पुसायची नाय."

"तुम्हीच येत जा की रविवारी."

"बघतो."

शकूने जेवूनच जा म्हणून पुष्कळ आग्रह केला. दुपारची ड्यूटी आहे, असे मल्हारी म्हणाला. रविवारी त्याला ड्यूटी नसते हे निवृत्तीला ठाऊक होते. तरी तो निरोप द्यायला उठून उभा राहिला.

मल्हारीने रिकामी गोधडी काखेत घेतली. तो दोन खोक्यांच्या मधून, उघड्या दारात आला आणि चपला पायात सरकवू लागला. पाठीमागे विमलाबाई म्हणत होत्या, "मिस्त्री, जायच्या आधी एक डाव. मला सुई टेकवायला शिकवा." मल्हारी वळला. म्हाताऱ्या वहिनीची बोटे सुईवर होती आणि देवराम खालून आधार देत होता. आतल्या भिंतीशी सारे कुटुंब दाराकडे, म्हणजे त्याच्याकडे, तोंड करून बसले होते. परंतु ते त्याला पाहत नव्हते. ते ऐकण्याच्या तयारीत होते.

सुई टेकली.

"मल्हारी, मागं सर."

त्याचे पाऊल उचलले गेले. ते उंबऱ्याच्या बाहेर पडले.

"अजून."

त्याने दुसरे पाऊल मागे घेतले. तो पायरीवर आला. गल्लीचा गोंगाट आत जाऊ नये म्हणून त्याने हात लांब करून दार ओढून घेतले.

आत डफ वाजला. बंद दारामागे भाऊ गाऊ लागला. *ऊठ गड्या, दार उघड.* मल्हारी पायरीवर उभा राहिला. समोर गल्ली उन्हात पडली होती. भोंगा ऐकून जमलेली माणसे केव्हाच पांगली होती. कडवे संपत आले. झिलेची जागा त्याला न मोजताही ठाऊक होती. छाती आपोआप भरली. आणि कित्येक वर्षे ज्या गळ्याला त्याने 'राहिला नाय' असे म्हटले होते, तो गळा उघडला.

*उभा दारात, जी जी, उभा दारात.*

मोठ्याने नव्हे. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाचा जेवढा पोचेल, तेवढाच. बारकू उजवीकडून आला, कोंडाजी डावीकडून, आणि मधली जागा, जी इतकी वर्षे मोकळी होती, ती भरली. दुसऱ्या कडव्याला तो पुन्हा गायला, तिसऱ्याला पुन्हा. काखेतली गोधडी त्याने छातीशी घट्ट धरली होती.

गाणे संपले. आतून भिमाजीचा उल्हसित आवाज आला.

"ऐकलं का? आता तिसरा बी आवाज आला! मघाशी न्हवता. देवराम, लेका, तुझी खोकी म्हंजी खोकी हायेत!"

"वाल्व तापले ना आता," देवराम समाधानाने म्हणाला. "तापल्यावर खुलत्यात."

मल्हारीने गोधडी खांद्यावर टाकली आणि तो बसथांब्याकडे चालू लागला.